बाबांच्या उत्तराला लागणारा वेळ

गिरणी बंद होऊन सहा-सात महिने झाले होते. एका सकाळी बाबा डबा घेऊन कामावर निघाले. आईने त्यांना फाटकातच गाठून परत आणलं. पुढे ते सुदामा नगरातल्या आमच्याच गल्लीत घर शोधत फिरायला लागले. गिरणीत तीस वर्षं त्यांनी मागावरून उतरलेलं कापड तपासलं होतं. लोक म्हणाले, "धक्का बसलाय, सावरतील." मलाही तेच मानायचं होतं.

मी तेव्हा महूच्या एका शाळेत शिकवत होते. घरी आले की बाबांचीही परीक्षा घ्यायचे. आज वार कोणता? सकाळी काय खाल्लं? उत्तर आलं नाही की लगेच पुढचा प्रश्न. बाबा मान खाली घालायचे. शेवटी स्कॅन केला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली.

"अल्झायमर आहे," ते म्हणाले. "शिवाय हे डाग बघा. मेंदूच्या आतल्या ह्या पांढऱ्या भागात निरोप नेणाऱ्या तारा असतात. त्या जागोजाग खराब झाल्यात. बीपी कधी तपासलं होतं?"

आईने नकारार्थी मान हलवली. कधीच तपासलं नव्हतं.

"बरं होईल?" मी विचारलं.

"नाही होणार. पण बीपी सांभाळा, रोज चालवा. कदाचित आजार हळू वाढेल. और एक बात, मॅडम. दर वेळी त्यांना उत्तर येत नसतं असं नाही. निरोप पोचायला वेळ लागतो. तुम्ही थांबता का?"

मी थांबत नव्हते.

त्याच आठवड्यात बाबांचे गिरणीतले एक जुने सोबती आले. माग चालवायचे ते. आता रिक्षा चालवत होते. बाबांसमोर बसून म्हणाले, "बाबूजी, पहचाना?"

बाबा नुसते बघत राहिले. पाहुण्यांचा चेहरा उतरला, ते उठायला लागले. आईने हाताने खूण केली, "जरा रुको, भैयाजी." आम्ही सगळे गप्प बसलो. मला ती शांतता सोसेना, दोनदा तोंड उघडून मिटलं. बाबांची बोटं मांडीवरच्या धोतरावरून सावकाश फिरत होती.

"तेरे थान में," बाबा म्हणाले, "गाँठें बहोत आती थीं."

पाहुणे इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आती थीं, बाबूजी! कितनी बार कपड़ा वापस भेजा आपने!"

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी बाबांना फिरायला न्यायला लागले. वाटेत कुणी घाईने बोललं तर तेच दटावायचे, "भिया, इनको टाइम दो." पानवाला शिकला, शेजारी शिकले. सगळ्यांत उशिरा मी शिकले. एकदा शाळेतून आल्यावर विचारलं, "बाबा, बरं वाटतंय का?" आणि खुर्ची ओढून बसले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "बरंय. तू जेवलीस?"

बाबा त्यानंतर पाच वर्षं होते. गोष्टी निसटत गेल्या, माझं नावही गेलं. पण प्रश्न विचारल्यावर मान खाली घालणं थांबलं होतं. समोरच्याकडे सरळ बघत ते निवांत बसायचे, आणि अधूनमधून आम्हाला हसवायचेसुद्धा.