हिरवा ठिपका

आमच्या गल्लीचं रूप पालटायचं, तेही सगळ्यांना विचारून, असं ठरलं. पनवेलच्या बाजारात माझं दोरे-बटणांचं दुकान आहे, म्हणून मीही सभेला गेलो. टेबलावर गल्लीचा भलामोठा नकाशा पसरला होता. बाकडं कुठे हवं तिथे प्रत्येकाने हिरवा ठिपका चिकटवायचा होता. मी माझ्या पायरीसमोरची जागा निवडली. नकाशावर ती कोरी दिसत होती.

कोरी कसली! वीसेक वर्षं तिथे खाडीकाठची एक मावशी म्हावरं विकायला बसत होती. घरी जाताना आपला कोयता माझ्या काउंटरखाली ठेवून जायची. रोज तिच्या पाटीला वळसा घालून मी दुकानात शिरायचो, आणि नेमकी तीच मला आठवली नाही. सभा तरी कधी ठेवावी? रविवारी सकाळी, अख्खं पनवेल मासे घ्यायला बाहेर पडतं तेव्हा! असले शहाणे आम्ही.

फरशी बसली, कुंड्या आल्या, माझ्या ठिपक्यावर बाकडं आलं. मावशीला तिथून उठवलं.

ती कोयता न्यायला आली तेव्हा तिच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मावशी, सभेला यायचं होतंस गं."

तिने कोयता फडक्यात गुंडाळला.

"मी नाय आले, दादा," ती म्हणाली. "पण तुमी होता ना तिथं?"