गिरणीवरचा रियाज

घरी पाहुणे आले की बायको हमखास म्हणते, "तुमच्या त्या क्लासचं सांगा की." गिटार वाजवून दाखवा, असं मात्र ती आजवर एकदाही म्हणालेली नाही. दोन वर्षांत माझ्याकडे सूर जमले असतील चिमूटभर, किस्से मात्र पोतंभर साठलेत.

क्लास कोल्हापुरातच, आमच्या पेठेतल्या पिठाच्या गिरणीवर. सकाळी सातला मोठ्यांची बॅच. मोठे म्हणजे चौघं: कॉलेजच्या ऑफिसातला हेडक्लार्क मी, दाताचे डॉक्टर, हार्डवेअरवाला राजू आणि गडमुडशिंगीचे दूधवाले आप्पा. सर आमच्याहून वीस वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला एक छापील तक्ता दिला. रोज चाळीस मिनिटं, चार चौकटी: दहा मिनिटं बोटांचा व्यायाम, दहा स्केल, दहा कॉर्ड बदलणं, दहा गाणं. खाली घरच्या माणसाची सही.

"टॅलेंट बिलेंट काही नसतं," सर म्हणाले. "रूटीन पाहिजे."

आम्ही तिघं हौसेनं आलेलो. आप्पांचं तसं नव्हतं. गिटार त्यांच्या मुलीची, रूपालीची. तिला पुण्यात नोकरी लागल्यावर गिटार घरी तशीच पडून होती. रूपालीचं लग्न ठरलं, मुहूर्त मार्गशीर्षातला, सासरची माणसं सगळी गाणारी. आप्पा सहज बोलून गेले की आपणही वाजवू एक गाणं. त्यावर पोरगी खो खो हसली. "आप्पा, मधे न थांबता एक गाणं वाजवा स्टेजवर, मग बोला," म्हणाली.

"पोरगी हसली वो," आप्पा आम्हाला सांगायचे. "सासरी जायच्या आदी एकदा वाजवून दावायचंच."

* * *

सुरुवात माझ्यापासून करतो, नाहीतर म्हणाल, दुसऱ्यांची तेवढी काढतो. माझी बायको शाळेत शिक्षिका. पंचवीस वर्षं वह्या तपासून तिचा हात तयार झालाय. मी तक्ता पुढं सरकवला, मला वाटलं, सही करून मोकळी होईल. तिनं लाल पेन काढलं.

पहिला आठवडा: "गिटार पुसली." दुसरा आठवडा: "गिटार घेतली. फोन आला. ठेवली." तिसऱ्या आठवड्याचा शेरा सरांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला: "प्रगती असमाधानकारक. पालकांनी भेटावे."

माझे पालक गेले त्याला दहा वर्षं झाली.

* * *

राजूचं रूटीन नेहमी पुढच्या सोमवारपासून. आधी स्टँड यायचा होता, मग पाय ठेवायचं स्टूल, मग पट्टा. मग त्याला कुणीतरी सांगितलं की रियाजाला वेगळी खोली लागते. त्यानं दुकानाच्या गोडाऊनमध्ये खोली काढली, खाली हिरवी सतरंजी, भिंतींना अंड्यांचे ट्रे. सगळं जुळून आलं ते नेमकं खंडेनवमीला. राजूनं पान्हे, हातोड्या, वजनकाटा यांच्या रांगेत गिटार मांडली आणि हळदकुंकू वाहिलं.

पूजेला मांडलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नसते. हे त्याला इतकं पटलं की त्यानं ती अजून वापरलेली नाही.

* * *

डॉक्टर शिस्तीचा माणूस. त्यांनी मोबाईलवर मेट्रोनोम घेतला, म्हणजे ताल धरायला टक, टक वाजणारं ते अ‍ॅप. रोज सकाळी खोलीचं दार बंद, आत टकटक सुरू. बाहेर वहिनी भाजी चिरता चिरता सही करायच्या. सगळ्या बॅचमध्ये डॉक्टरांचा तक्ता एक नंबर, एक चौकट रिकामी नाही.

मग गडहिंग्लजहून त्यांच्या आई राहायला आल्या. दोन दिवस त्यांनी ती टकटक ऐकली आणि तिसऱ्या दिवशी कुणाला न विचारता प्लंबर बोलावला. त्यानं मोरी बघितली, संडास बघितला, शेवटी त्या खोलीचं दार ढकललं.

"मावशी," तो बाहेर येऊन म्हणाला, "हितं नळच न्हाय. डॉक्टर झोपल्यात."

* * *

सरांनाही सोडायचं कारण नाही. एकदा आप्पांनी अगदी भाबडेपणानं विचारलं, "सर, तुमच्या तक्त्यावर कोण सही करतंय?"

"माझं आता बोटात बसलंय, आप्पा."

पुढच्याच रविवारी आप्पा सरांच्या घरी दूध घालायला गेले. सोमवारी आम्ही विचारलं, काय बघितलं? आप्पा चुगली करणारे नव्हेत. शेवटी एवढंच म्हणाले, "गिटारीवर टावेल वाळत हुता."

* * *

आप्पांच्या तक्त्याला शेणाचा वास यायचा आणि सही दुधाच्या बोटांनी फिसकटलेली असायची. वेळ रोज पहाटे पाचची. सरांना संशय आला. एके दिवशी त्यांनी मेट्रोनोम लावला, त्याचा आवाज बंद केला आणि नुसता दिवा लुकलुकता ठेवून आप्पांना वाजवायला सांगितलं. आप्पांनी डोळे मिटले आणि वाजवलं. पाच मिनिटांत ताल केसभर हलला नाही.

"कुठलं अ‍ॅप वापरता?" सरांनी विचारलं.

"आमची मंडळी," आप्पा म्हणाले. "त्या धार काढत्यात, मी शेजारी बसतो. बादलीत चर्र, चर्र पडतंय, त्यावर वाजवायचं. चार म्हशी हायत, एकीला धा मिनटं. एक म्हस, एक चौकट. चौथी लई गरीब हाय, तिला गाणं."

सर तोंड उघडं ठेवून बघत राहिले. राजू मात्र फिदीफिदी हसला. "आप्पा, मग लग्नात म्हशी आणणार काय स्टेजवर?"

डॉक्टर हसले, मीही हसलो, खोटं कशाला बोलू? आप्पा हसले नाहीत.

* * *

लग्न कळंब्याच्या रस्त्यावरच्या हॉलमध्ये होतं. अक्षता पडल्या आणि आप्पा फेटा बांधून स्टेजवरच्या खुर्चीत बसले. मांडीवर गिटार, मागं नवरा-नवरी, समोर सगळे पुण्याचे पावणे. राजूनं शूटिंगला मोबाईल उघडून धरला होता, कशासाठी ते आम्हाला ठाऊक होतं.

आप्पांनी सुरुवात केली. दोन ओळी गेल्या आणि हात थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबला. पावण्यांत कुजबुज सुरू झाली. रूपालीनं मान खाली घातली. सरांनी घाईघाईनं मेट्रोनोम लावून फोन उंच धरला, पण पाचशे माणसांत ती टकटक ऐकणार कोण? मला आमच्या तिघांची मनापासून लाज वाटली.

आप्पा सरांकडं बघतच नव्हते. ते पहिल्या रांगेकडं बघत होते. तिथं त्यांच्या मंडळी, शांताकाकू, पैठणी नेसून मांडीवर पानसुपारीचं ताट घेऊन बसल्या होत्या. काकूंनी ते ताट शेजारच्या विहीणबाईंच्या हातात दिलं. पदर कमरेला खोचला. गुडघे फाकवून खुर्चीच्या कडेला आल्या, दोन्ही मुठी हवेत धरल्या आणि एक खाली, एक वर, एक खाली, एक वर, सुरू झाल्या.

"अहो, काय करताय?" विहीणबाई खांद्याला धरून हलवत होत्या. काकूंनी ढुंकून बघितलं नाही.

आप्पांनी डोळे मिटले. गाणं सुरू झालं ते शेवटापर्यंत कुठं थांबलं नाही.

मग काकूंनी मुठी सोडल्या आणि दोन्ही हात पैठणीला पुसले.