साडूंच्या बाटल्या आणि सासूबाईंचा सोमवार

माणसाच्या लघवीवर आमच्या थोरल्या साडूंइतकी श्रद्धा असलेला गृहस्थ अख्ख्या मुंबईत दुसरा निघणार नाही. कुणी कुंडली पाहतं, कुणी हात पाहतं, हल्ली तर मोबाइलवरचा फोटो पाहून माणसाची परीक्षा होते. साडूंना हे सगळं पोरकट वाटतं. "माणूस खोटं बोलतो, बाटली बोलत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. परळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात गेली, आणि त्या हयातीत आपल्या हातून एकाही बाटलीची अदलाबदल झाली नाही, हे ते मुलीच्या लग्नात व्याह्यांनाही ऐकवून आले. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात रमतात, नाहीतर नातवंडांत. हे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून फिरायला आलेल्या अनोळखी लोकांना "आज सकाळचा रंग कसा होता?" असं विचारू लागले. विचारलेला माणूस आधी आभाळाकडे बघे, खुलासा झाल्यावर साडूंकडे बघे, आणि दुसऱ्या दिवसापासून उलट्या दिशेनं फेऱ्या मारू लागे. एकदा भर पंगतीत मी बीटाची कोशिंबीर दुसऱ्यांदा मागितली, तर पलीकडच्या पानावरून हे ओरडले, "खा, पण उद्या सकाळी घाबरून मला फोन करू नकोस!" माझ्या शेजारी बसलेल्या वरमाईंनी कोशिंबिरीला हातही लावला नाही.

असा हा माणूस चिनी वैद्यकाच्या नादी लागला तो खांद्यामुळे. खांदा इतका आखडला की शर्ट चढवताना ते करीत असलेला आरडाओरडा खालच्या वाण्याला ऐकू जाई. शेवटी ताईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती आणि माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीनं, त्यांना दादरला सुया टोचणाऱ्या एका बाईंकडे नेलं. बाई अस्सल दादरकर, विद्या मात्र चिनी. त्यांनी साडूंना जीभ बाहेर काढायला लावली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "काका, तुमच्या मूत्रपिंडातलं यांग कमी झालंय." यांग म्हणजे अंगातली ऊब, हेही त्या समजावत होत्या, पण साडूंना पुढचं ऐकूच आलं नाही. मूत्रपिंडाबद्दल कुणी जिभेवरून बोलावं, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला. "बाटली न बघता?" एवढंच ते घर येईपर्यंत पुटपुटत होते. पंचाईत अशी झाली की सुयांनी खांदा मोकळा झाला, आणि बरं करणाऱ्या बाईंना खोटं म्हणणं त्यांच्या तत्त्वात बसेना. तेव्हा त्यांनी तोडगा काढला. बाईंना जिभेत आणि नाडीत जे दिसतं ते खरं असेल, तर त्याची खूण लघवीत उतरलीच पाहिजे, आणि ती आपण शोधायची. परळलाच डॉक्टरांचा एक मेळावा भरणार होता, तिथे भिंतीवर लावायला संशोधनाची पोस्टरं मागवली होती. "जन्मभर तपासण्या मी केल्या आणि सही डॉक्टरांची," ते मला म्हणाले. "एकदा तरी कागदावर माझं नाव असू दे रे." माझ्या जिभेवर एक फर्मास थट्टा आली होती, पण त्यांचा चेहरा बघून मी ती गिळली.

संशोधनाला माणसं लागतात, आणि नातेवाईक फुकट मिळतात. श्रावणातल्या सोमवारी सगळा गोतावळा लालबागला सासूबाईंच्या चाळीत संध्याकाळी उपास सोडायला जमतो, बाईंचा दवाखानाही सोमवारी बंद. साडूंना वाटलं, योग म्हणतात तो हाच. दुपारी सगळ्यांना बोलावून घेतलं. खोलीत बाई एकेकाची जीभ तपासत होत्या आणि बाहेर गॅलरीच्या टोकाला, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या घेऊन, आमची रांग लागली होती. ती पाहून शेजाऱ्यांना वाटलं पाणी जाणार, आणि तेही बादल्या घेऊन मागे उभे राहिले. बाईंनी माझी जीभ पाहून "प्लीहा थकलीय, प्राणशक्ती कमी आहे," असं सांगितलं; चिनी शास्त्रात अन्नाची शक्ती करते ती प्लीहा. माझ्या बायकोचं तेच, मामींचं तेच. सासूबाईंची नाडी हाती धरल्यावर मात्र त्या थक्क झाल्या. "या वयात इतकी भरलेली नाडी! आजी, तुमची प्लीहा या घरात सगळ्यांत भक्कम आहे." सासूबाई बाटली हातात घेऊन साडूंना म्हणाल्या, "जावयबापू, माजां मूत तपासून तुमका काय गावतला? माका इचारा, मी तोंडान सांगतंय." पण तोंडावर विश्वास ठेवणारा तो जावई नव्हे.

साडूंनी बाटल्या आपल्या जुन्या प्रयोगशाळेत नेल्या, आणि काही दिवसांनी सकाळीच त्यांचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं त्यांना म्हाडाचं घर लागलं. बाईंनी ज्यांना ज्यांना अशक्त ठरवलं, त्या प्रत्येकाच्या बाटलीत एक द्रव्य सापडलं होतं, आणि बाकी कुणाच्याही बाटलीत ते नव्हतं. "अपवाद नाही रे, एकसुद्धा नाही!" पुढच्या सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते लालबागला आले. पानं मांडली होती, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास सुटला होता आणि उपाशी माणसांचे डोळे पातेल्याकडे होते, तरी साडूंनी कागद काढला. द्रव्याचं नाव कीटोन, असं सांगून त्यांनी अशक्तांची नावं वाचायला सुरुवात केली. चार-पाच नावं झाली असतील, तोच ताई डाव हातात धरून उभ्या राहिल्या.

"अहो, ही सगळी उपासाची माणसं!"

पोट रिकामं राहिलं की शरीर आपलीच चरबी जाळतं आणि त्याची राख कीटोनच्या रूपानं लघवीत उतरते, हे जगाला शिकवणारा माणूस! इस्पितळात येईल त्याला "काही खाल्लंय का?" विचारल्याशिवाय ज्यानं बाटली दिली नाही, तो सासुरवाडीत विचारायला विसरला होता. विसरणारच, स्वतः सोमवारी इराण्याकडे आम्लेट-पाव हाणून येणार, त्याला श्रावण कुठून आठवावा? बाईंना दिसलेला अशक्तपणा खराच होता, फक्त तो भुकेचा होता. सगळे खो खो हसले. साडू कागदाकडे बघत राहिले, आणि मला त्यांची फार कीव आली.

माझ्या बायकोलाही आली असावी. ती म्हणाली, "पण भाऊजी, आईपण उपाशीच होती की! तिची नाडी भक्कम आणि बाटलीत काही नाही. म्हणजे नुसत्या उपासाचं नाही हे!"

"बरोबर! आईचा सोमवार म्हणजे काय!" सगळे एकदम म्हणाले. लग्न होऊन चाळीत आल्यापासून सासूबाईंनी श्रावणातला सोमवार मोडला नाही, ही लालबागेत वादातीत गोष्ट होती. पोरीसुनांनी उपास धरायचा तो त्यांच्याकडे बघून. पोस्टरमध्ये पुन्हा धुगधुगी आली. साडूंनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत भाताच्या पातेल्याकडे बघत होत्या. त्यांनी त्या दुपारी काय केलं होतं ते साडूंना कळलं, आणि समोरच बसलो होतो म्हणून मलाही कळलं.

नुसती मान हलवली असती तर सासूबाईंची लाज राहिली असती आणि पोस्टरही भिंतीवर लागलं असतं. पण खोटा निष्कर्ष स्वतःच्या नावानं टांगणं या माणसाला जमणारं नव्हतं, आणि खरं बोलणं त्याच्या जिवावर आलं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"नाही. आईंची बाटली बदलली. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी बाटलीशी. चूक माझीच."

"जल्मात एकदा बाटली बदललास," मामा ओरडले, "ती पण सासूची!" हसण्याचा असा काही गदारोळ झाला की शेजारी डोकावून गेले. साडूही हसले. त्यांचे कान लाल झाले होते. सासूबाईंनी त्यांच्या पानात खीर वाढली, आणि पोस्टराचा विषय त्या घरात परत निघाला नाही.

त्यानंतरच्या एका सोमवारी मी भर दुपारी केळीची पानं पोहोचवायला लालबागला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत साडू आणि सासूबाई समोरासमोर बसून वरण-भात जेवत होती. मला पाहून साडूंचा घास हातातच राहिला. सासूबाई मात्र बिलकुल डगमगल्या नाहीत. "जावय एकटो जेवलो तर बरां दिसत नाय. म्हणान बसलंय," त्या म्हणाल्या. "तुमचो उपास, तुमका काय वाढू?" जिना उतरताना साडूंनी मला सांगितलं: साखरेच्या गोळ्या चालू झाल्यापासून डॉक्टरांनी सासूबाईंना उपाशी राहायची सक्त मनाई केली होती, आणि मुलींना ते सांगायची त्यांना लाज वाटत होती. म्हणून त्या पंगतीनंतर हे गृहस्थ श्रावणातल्या दर सोमवारी परळहून चालत येत आणि सासूबाईंना जेवायला निमित्त होत. मी घरी कुणाला बोललो नाही. त्या दिवसापासून हा माणूस मला सख्ख्या भावासारखा वाटू लागला.

यंदा श्रावण आला तेव्हा सासूबाई नव्हत्या. पहिल्या सोमवारी दुपारी मी परळला साडूंकडे सहज गेलो, तर ताईंनी दारातच तक्रार केली की हे सकाळपासून काही खात नाहीत. साडू खिडकीशी बसले होते. मी विचारलं, "काय हो, उपास धरलात की काय?"

"छे रे. बसलो होतो पानावर. एकट्याला घास उतरेना."

माझा सोमवार होता. मी ताईंना म्हटलं, "आम्हा दोघांचं पान वाढा."