पारूचा कडा

चूक माझीच होती. आमच्या गावच्या कड्याला पारूचं नाव का पडलं, हे मी कुणालाच विचारलं नाही. प्रेमभंग झालेल्या पारूने तिथून उडी घेतली, अशी गोष्ट मनानेच रचली आणि पर्यटकांसाठी पाटीवर रंगवून घेतली. पारूची धाकटी बहीण सोनाआत्या माझ्या घरापासून चार घरं सोडून राहते.

परवा कड्यावर बायका गवत कापत होत्या, त्यांत सोनाआत्याही होती. कापलेली पहिली मूठ प्रत्येकीने काठावर ठेवली. शहरातून आलेली पोरं पाटी वाचून हसत होती. "कुणासाठी मेली असेल रे?" आत्याने ऐकलं, पण विळा चालूच ठेवला.

मी जवळ गेलो तशी म्हणाली, "तिला कुठली रे बाबा सवड असल्या गोष्टींना? भारा उचलताना पाय घसरला तिचा. तिच्या वाटणीची मूठ आम्ही अजून ठेवतो."

गावातली नावं अशीच पडत असावीत. ओढ्याला, टेकडीला, बांधाला कुणाचं तरी माणूस चिकटलेलं असतं. त्याला ओळखणारे संपले की नुसतं नाव उरतं, आणि मग कुणीही त्यात हवं ते भरतो. मी तेवढंही थांबलो नव्हतो.

आज कड्यावरची पाटी उतरवली आणि तिथेच गवत कापणाऱ्या आत्यापुढे हात जोडले.

"मला काय सांगतोस? तिला सांग," म्हणत तिने विळा पुढे केला.

मी मूठभर गवत कापलं, काठावर ठेवलं आणि म्हणालो, "पारूआत्या, चुकलो."