दीड मिनिटाची छबुबाई

केजला एसटी स्टँडासमोर वैजिनाथअप्पाचं 'मन्मथ व्हिडिओ' हे दुकान होतं. गावात पहिला व्हीसीआर भाड्यानं दिला तो त्यानंच. पुढं कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, सीडीनंतर डीव्हीडी आल्या, आणि अप्पा प्रत्येक वेळी एक पाऊल पुढं राहिला. पंधरा दिवसांनी औरंगाबादला जाऊन तो नवा माल आणायचा. पण नुसतं आणून मांडणाऱ्यातला तो नव्हता. डीव्हीडीवर सिनेमाशिवाय जे जादा असायचं, शूटिंगच्या गमती, नटनट्यांच्या मुलाखती, काढून टाकलेले प्रसंग, ते सगळं तो आधी स्वतः बघायचा आणि मग गिऱ्हाइकाला रंगवून सांगायचा. सिनेमाचा नाद असलेली माणसं सीडी नेण्यापेक्षा त्याचं ऐकायलाच जास्त येत. सिनेमातलं आपल्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नाही, असं त्याला मनातून वाटायचं.

छबुबाई स्टँडाच्या फाटकाशी फुटाणे-मुरमुरे विकायची. पन्नाशी उलटलेली, नवरा नसलेली, लेकीच्या घरी राहणारी बाई. दोन हजार एक साली एका हिंदी सिनेमावाल्यांनी स्टँडावर दोन दिवस शूटिंग केलं. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला नायक एसटीतून उतरतो, एवढाच प्रसंग होता. दुसऱ्या दिवशी पहाटे, स्टँडावर गावची माणसं जमायच्या आत, दिग्दर्शकाची नजर छबुबाईवर गेली. तिला टोपलीसकट बाकड्याशी बसवलं, एक वाक्य पाठ करून घेतलं, आणि नायक तिच्यासमोर उकिडवा बसला. अप्पा तेव्हा माल आणायला औरंगाबादला गेला होता. त्यानं यातलं काही पाहिलं नव्हतं, आणि आपल्या दुकानासमोरचं शूटिंग आपल्यालाच चुकलं हे त्याला फार लागलं होतं.

छबुबाई मात्र भेटेल त्याला सांगायची, "मी हाय बरं का शिनेमात. हिरोसंगं बोलले मी."

सहा-सात महिन्यांनी त्या सिनेमाची सीडी आली. बाजारचा दिवस होता. छबुबाई लेकीला, वनमालेला घेऊन दुकानाच्या पायरीशी आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती.

"अप्पा, तेवढं माजं दाखवा की."

अप्पानं रस्त्याकडं तोंड असलेल्या टीव्हीवर सीडी लावली. बघता बघता पंचवीस-तीस माणसं जमली. स्टँड आला, एसटी आली, नायक उतरला, इकडं तिकडं बघत निघून गेला. छबुबाई नव्हतीच.

"म्होरं आसंल," ती म्हणाली.

अप्पानं पुढं नेलं. नव्हती. मग मागं घेतलं. एवढ्यावर थांबला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण गर्दी जमली होती, सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि त्याला चेव आला. त्यानं तोच तुकडा तीनदा लावला आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक दाखवत गेला.

"हे बगा, बाकडं हाय. यष्टी हाय. हितं कुत्रं बी हाय. मावशे, कुत्र्यानं बी काम केलंय, तुमीच तेवढं कुटं दिसंना!"

लोक पोट धरून हसले. "का बे, हिरोइन कुटं गेली?" कुणीतरी मागून ओरडलं. छबुबाई पदर सारखा करून लेकीचा हात धरून निघाली. वनमालेनं तेवढं मागं वळून अप्पाकडं पाहिलं.

'हिरोइन' हे नाव तिला चिकटलं. जीपवाले हाक मारायचे, कॉलेजची पोरं मुद्दाम विचारायची, "हिरोइन, फुटाणं कसं दिलं?" महिनाभरात तिनं फाटकाजवळची जागा सोडली आणि पार तहसील कचेरीच्या भिंतीकडं टोपली नेली. बावीस वर्षांची जागा होती ती. अप्पाला हे कळलं, पण त्यानं फारसं मनावर घेतलं नाही. बाई थापा मारत होती, आपण उघडं पाडलं, असंच तो धरून चालला.

दोन हजार तीनमध्ये त्याच सिनेमाची डीव्हीडी निघाली. दुपारी जेवून आल्यावर अप्पानं सवयीप्रमाणं जादाचा भाग उघडला. काढून टाकलेले प्रसंग पाच होते. तिसरा सुरू झाला आणि पडद्यावर बाकडं दिसलं, टोपली दिसली, टोपलीमागं छबुबाई.

नायक तिच्यासमोर उकिडवा बसला होता. तिनं पुडी बांधली, त्याच्या हातात दिली आणि हात तसाच धरून ठेवला. म्हणाली, "तेरी माँ रोज इधरीच बैठती थी, बेटा. हर गाडी देखती थी." बस एवढंच. दीड मिनिटाचा प्रसंग. आणि हजारभर सिनेमे पाहिलेल्या अप्पाला कळून चुकलं, की अख्ख्या सिनेमात एवढं खरं कुणी बोललेलं नाही.

त्याचे कान तापले. समोर कुणी नसताना त्यानं टीव्ही बंद केला. ते हिरवं लुगडं, ते 'म्होरं आसंल', आणि आपला तो बोट दाखवणारा हात, सगळं त्याच्यासमोर उभं राहिलं.

त्याच पावली तो उठून तिच्याकडं गेला असता तर बरं झालं असतं. पण गेला नाही. डीव्हीडी त्यानं गल्ल्याखालच्या खणात टाकली. दवाखान्यातला कंपाउंडर केदारनाथ, सिनेमाचा मोठा दर्दी, तीनदा विचारून गेला. तिन्ही वेळा अप्पा म्हणाला, "बाहेर गेलीय हो, येऊ द्या." बाईची थाप पकडली म्हणून मिरवलेला माणूस आता स्वतः थापा मारत होता. असे अठरा दिवस गेले. तहसीलकडून जायचं काम निघालं तर तो गल्लीबोळातून जायचा.

शेवटी बायकोनं, उमाबाईनं, झाडताना खणातली डीव्हीडीची डबी काढली. "ही हितं कावून दडवलीय?"

त्यानं सांगितलं. उमाबाई ऐकून घेऊन म्हणाली, "त्या दिवशी मी माडीवरून बगत होते. तवाच म्हनायला पायजे हुतं मी. जावा आता. डबी दडवून काय हुतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डीव्हीडी प्लेअर बगलेत मारून तो वनमालेच्या घरी गेला. वनमालेनं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"आता काय राह्यलंय, अप्पा?"

"चुकलं माजं. मावशीला दाखवायचंय," एवढंच त्याला बोलता आलं.

आतून छबुबाई म्हणाली, "येऊ दे आत."

तिच्या घरच्या छोट्या टीव्हीला त्यानं वायरी जोडल्या. प्रसंग लागला. वनमाला बघता बघता रडायला लागली. छबुबाई मात्र गुडघ्यावर हनुवटी टेकून नुसती बघत राहिली. संपल्यावर म्हणाली, "पुन्यांदा लावा."

लावताना अप्पाच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं. आता चित्रावर दिग्दर्शकाचा आवाज येऊ लागला. हिंदीत सांगत होता, की हा प्रसंग मला फार आवडायचा, पण लांबी वाढत होती म्हणून काढावा लागला. आणि या बाई तिथल्याच कुणीतरी होत्या, नाव काही आता आठवत नाही.

"काय म्हनला त्यो?" छबुबाईनं विचारलं.

तुमची तारीफ करतोय, असं सांगून मोकळं व्हावं, असं अप्पाच्या मनात आलं. पण आता आणखी एक थाप त्याच्यानं मारवेना. त्यानं होतं तसं सांगितलं.

छबुबाईनं मान हलवली. "आटवंल कसं? इचारलंच न्हवतं कुनी."

मग अप्पा घाईघाईनं म्हणाला, "मावशी, येत्या बाजारी मी दुकानात लावतो. सगळ्यांम्होरं. समद्यांची तोंडं बंद हुतेल."

"नगं."

"आवं, पर लोकांना कळंल की तुमी खरं—"

"नगं म्हनले ना. तवा बी लोक मलाच बगत हुते, आता बी मलाच बगतेल. तुमाला चूक सांगायची आसंल तर तुमच्या तोंडानं सांगा. त्यात माजं तोंड कावून पायजे?"

अप्पाची मान खाली गेली. आपण आलो ते तिच्यासाठी, का आपलं मन हलकं करायला, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. डबी वनमालेच्या हातात ठेवून तो निघाला.

मग तो एकेकाला सांगत फिरला. सलूनवाला त्रिंबक दाढी करता करता म्हणाला, "कोन छबुबाई?" आठवण करून दिल्यावर म्हणाला, "हां, ती व्हय. आसंल आसंल." पानटपरीवाला पप्पू हसला, "म्हंजी हिरोइन खरीच निगाली म्हना!" त्याला हसू नको म्हणावं, तर ते हसू शिकवलं कुणी? जीपवाल्यांना तर तो दिवसच आठवत नव्हता. ज्या गोष्टीपायी एका बाईनं बावीस वर्षांची जागा सोडली, ती लोक केव्हाच विसरले होते. एकट्या केदारनाथानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "आणि मी पण त्या दिवशी हसलो होतो, अप्पा."

छबुबाई फाटकाशी परत आली नाही. जागा मोकळी आहे असा निरोप अप्पानं दोनदा धाडला. तो आता तहसीलकडून सरळ रस्त्यानं जायला लागला. एकदा थांबून त्यानं फुटाणे मागितले. तिनं माप भरलं, पुडी बांधली, हातात दिली आणि मागच्या गिऱ्हाइकाकडं बघून विचारलं, "तुमाला काय?"