फ्लेक्सवरचं घरटं

मी अकोला सोडलं त्या संध्याकाळी आईने मला फाटकात निरोप दिला तो असा: "कूलरचं पाणी लिंबाच्या आळ्यात सोडलं का?" सोडलं होतं. मग जा, असा तिचा चेहरा झाला. बाबांनी मला ट्रॅव्हल्सच्या ऑफिससमोर गाडीच्या कितीतरी आधी नेऊन उभं केलं आणि सगळा वेळ एकच उपदेश फिरवून फिरवून केला, "पुण्यात मले-तुले करू नको. हसतात ते लोक." गाडी सुटली तेव्हा ते हात हलवायला समोर नव्हते. डिक्की नीट लागली की नाही ते पाहायला मागे गेले होते.

त्याला आता वीसेक वर्षं झाली. जे अकोल्यात राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. दोघांवरही माझा राग आहे, तेव्हा कोणी स्वतःला वेगळं समजू नये.

पुण्यात कोणी हसू नये याची मी चोख व्यवस्था केली. माझी भाषा अशी धुऊन निघाली की ऑफिसातल्या एका बाईंनी मला सदाशिव पेठेतली समजून माहेरचं आडनाव विचारलं. नंतर फ्लॅट घेतला, अकराव्या मजल्यावर. त्याच्या ब्रोशरवर 'निसर्गाच्या कुशीत' असं छापलं होतं. ही कूस पार्किंगच्या स्लॅबवर आहे आणि तिला पोडियम गार्डन म्हणतात. तिथली झाडं ट्रकमधून वयात आलेलीच येतात. गवतावर चालू नये, फुलं तोडू नयेत, पक्ष्यांना दाणे टाकू नयेत, अशा पाट्या आहेत. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी आहे, म्हणजे कबुतरं बाहेर आणि आम्ही आत. तिथून मी रोज सूर्यास्ताचा फोटो काढायचे आणि जाळी क्रॉप करायचे.

बाबा गेल्यावर मी आईला चांगला कॅमेरा असलेला फोन दिला. तिने व्हिडिओ कॉलवर नातीला पाहावं हा हेतू. आठवडाभर तिने नातीला पाहिलं. नात सतत एकसारखीच दिसते असं तिचं मत पडलं असावं, कारण नंतर तिने कॅमेरा मागच्या जागेकडे वळवला.

आमच्या घरामागे, भिंतीपर्यंत, एक साधी मातीची जागा होती. लिंबाचं झाड, कढीपत्ता, एक जास्वंद, आणि शेजारच्या नसीमआपांच्या भिंतीवरून दोन्हीकडे लोंबणारा तोंडलीचा वेल. तोंडली ज्यांच्या बाजूला लागतील त्यांची, असा दोघींचा जुना करार. पाचोळा पडलेला, फुटक्या माठाचा खालचा अर्धा भाग पाणी भरून ठेवलेला, एक नळी कायम पायात येणारी. आई सकाळी चहा घेऊन तिथे मोढ्यावर बसायची, आणि माझ्या फोनवर सहाच्या सुमारास टुण्ण व्हायचं.

फोटो वाईट असायचे. कोपऱ्यात तिचं बोट. खार गेलेली आणि शेपूट उरलेलं. पण दिवस जाऊ लागले तशी तिला थांबता यायला लागलं. माठावर पाणी प्यायला आलेला बुलबुल. जास्वंदीच्या पानाखाली झोपलेलं फुलपाखरू. एका सरड्याचा फोटो आला, खाली लिहिलेलं: 'हा रोज येते. तुह्या बाबासारखा मान हालवते, पण काही सांगत नाई.' मी मीटिंगमध्ये मोठ्याने हसले आणि काय झालं असं विचारल्यावर नेटवर्कचं कारण सांगितलं.

गेल्या फेब्रुवारीत लिंबावर शिंजीर पक्ष्यांनी घरटं केलं. नर काळा-निळा, उन्हात तेलासारखा चमकणारा. मादी वरून मातकट, पोटाला पिवळसर. दोघं अंगठ्याएवढी. त्यांचं घरटं तुम्ही पाहिलं असेल आणि ते घरटं आहे हे तुम्हाला कळलं नसेल. कोळ्याचं जाळं, सालींचे तुकडे, सुकी पानं, अळ्यांची घाण, कुठलीशी चिंधी, असं सगळं चिकटवून ते फांदीला लोंबकळत ठेवतात. झाडाला कचरा अडकलाय असं दिसतं. तसंच दिसावं म्हणून ते तसं बांधतात.

आईने त्या बाजूची कपडे वाळत घालायची दोरी सोडली. मोढा मागे नेला. कित्येक दिवस तिचे फोटो म्हणजे लिंबाचे काटे आणि मधोमध तो कचरा. मग एका सकाळी कचऱ्याच्या बाजूच्या भोकातून बाहेर आलेली मादीची चोच, बाकदार, आणि तिच्यामागे एक डोळा. मी तो फोटो फोनवर लावला. जाळी क्रॉप केलेले माझे सगळे सूर्यास्त मी त्या दिवशी डिलीट केले.

तो फोटो माझा भाऊ संजूदादा यानेही पाहिला. दादा आईबरोबरच राहतो, त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने 'निसर्ग माझ्या अंगणी' अशी छायाचित्र स्पर्धा ठेवली होती. या मंडळाचा निसर्गाशी संबंध म्हणजे दरवर्षी बस करून चिखलदऱ्याला जायचं आणि प्रत्येक पॉइंटवर दरीकडे पाठ करून उभं राहायचं. दादाने आईला न विचारता फोटो पाठवला आणि आईला पहिलं बक्षीस मिळालं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बक्षीस नुसतं देऊन चालत नाही, ते समारंभपूर्वक द्यावं लागतं. प्रमुख पाहुण्यांनी अशी इच्छा दाखवली की सत्कार विजेत्यांच्या घरीच व्हावा, म्हणजे तो निसर्गरम्य परिसर प्रत्यक्ष पाहता येईल. मग मंडळाचे अध्यक्ष परिसर पाहायला आले. त्यांना पाचोळा दिसला, फुटका माठ दिसला, पायात नळी आली, आणि लिंबाच्या काट्यात पाहुण्यांचा सदरा अडकेल अशी भीती वाटली. हे मला सगळं नंतर कळलं. तेव्हा दादाने फक्त एवढं सांगितलं की मी दोन दिवस आधी यावं, आईला अमरावतीला शोभामावशीकडे न्यावं आणि सत्काराच्या दिवशी सकाळी परत आणावं. सरप्राइज आहे, म्हणाला. मला वाटलं मांडव असेल, फार तर रोषणाई.

अमरावतीत आई मावशीच्या गच्चीवर फोटोला काही सापडतं का ते शोधत फिरली. मावशी म्हणाली, "अक्का, अठी काई भेटत नाई, माह्या नवऱ्याचाच काढ. तो बी हालत नाई." आईने खरंच काढला. सत्काराच्या सकाळी आम्ही पहिल्या एसटीने निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर, सगळीकडे उन्हाने पांढरं पडलेलं रान. शेजारच्या सीटवरच्या बाईला आई घरट्याचा फोटो दाखवत होती. आता पिल्लं असतील, म्हणाली.

फाटकावर फ्लेक्स होता. मध्ये आई, वर पाहुणे, कडेने मंडळाचे पदाधिकारी, आणि या सगळ्यांच्या मागे, दाराएवढं मोठं केलेलं, ते घरटं. चोच माझ्या हाताएवढी. आई जरा लाजली. मग आम्ही घराला वळसा घालून मागे गेलो.

मागे सिमेंटचे गट्टू होते. राखाडी, लाल, परत राखाडी, भिंतीपासून भिंतीपर्यंत. लिंबू नव्हतं. तोंडलीचा वेल भिंतीच्या रेषेत कापला होता. कढीपत्ता ठेवला होता, कारण तो सरळ वाढलेला होता, आणि त्याच्या बुंध्याला गेरू-चुना फासला होता. चारी कोपऱ्यांत भाड्याच्या कुंड्या. जास्वंदीच्या जागी स्टेज. भिंतीपलीकडून नसीमआपांनी डोकं वर काढलं. "भाभी, ये तो क्रिकेट का पिच हो गया," म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

दादा मागून आला. नवा कुर्ता, घामाने पाठीला चिकटलेला. दोन रात्री झोपला नव्हता, ते दिसत होतं.

"कसं वाटलं?" त्याने विचारलं.

"संजू," आई म्हणाली, "लिंबावर घरटं होतं."

"घरटं?" त्याने खरोखर आठवून पाहिलं. "नाई वो आई. झाडाले कचरा लोंबकळून राहिला होता, तेवढा होता. गट्टूवाल्या पोरायनं झाडून घंटागाडीत टाकला."

मी त्याचा हात धरून त्याला फाटकापर्यंत नेलं आणि फ्लेक्सकडे बोट दाखवलं. त्याने दोन हातांत त्या कचऱ्याएवढं माप धरलं. मग म्हणाला, "एवढुसं असते का ते?"

हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने फोटो पाहिला होता, स्पर्धेला पाठवला होता, मोठा करून छापून घेतला होता, आणि ज्याचा फोटो ते त्याच्या डोळ्यांसमोर झाडून नेलं तेव्हा त्याला ओळखू आलं नव्हतं. माझा राग इथे आहे. झाडं तोडणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याशी भांडता येतं. पण ही माणसं निसर्गाच्या सत्कारासाठी निसर्ग आवरून ठेवतात, पाहुणे येणार म्हणून, आणि वर घामाघूम होऊन विचारतात, कसं वाटलं.

मी त्याच्यावर ओरडले. कितीतरी वर्षांनी तोंडातून अस्सल वऱ्हाडी निघालं, न अडखळता. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "तिच्या अंगावर आजपावतर कोणी शाल टाकली का? तू टाकली? मले वाटलं, एक दिवस तिचा होऊ दे." राग कमी झाला नाही, तरी मी आत जाऊन आईची चांगली साडी काढून ठेवली.

समारंभ झाला. अध्यक्षांनी पाहुण्यांची ओळख करून दिली, पाहुण्यांनी अध्यक्षांची. गट्टू तापले होते आणि कुंड्यांतली फुलं दुपारच्या आधीच माना टाकत होती. आईला शाल घातली, अकोल्याच्या एप्रिलमध्ये. मग दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने माइक हातात घेतला, अध्यक्षांकडे वळली आणि सरळ विचारलं, "या फोटोतलं घरटं कुठी आहे?"

टाळ्या पडल्या. पाहुणे उठले आणि म्हणाले की मातोश्रींनी एका वाक्यात आजच्या समाजाला आरसा दाखवला, आज घरटी आहेत कुठे. मग ते घरट्यांवर बोलले, संस्कारांवर बोलले, एकत्र कुटुंबावर बोलले. आई माइक धरून उभीच होती. तिला उत्तर हवं होतं. तिच्या हातातून माइक अलगद काढून घेण्यात आला आणि तिला नारळ देण्यात आला.

रात्री मी तिला म्हटलं, चल माझ्याकडे पुण्याला. ती म्हणाली, "तुह्या अठी बी खाली गट्टूच हायेत न." पोडियम गार्डनबद्दल तिला मी काय सांगणार होते?

मी परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी टुण्ण झालं. गट्टूचा फोटो. एकच गट्टू, राखाडी, अगदी स्वच्छ, कोपऱ्यात बोट नाही. तिने तो फक्त मला पाठवला नव्हता. कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता, जिथे लोक पहाटेपासून एकमेकांना गुलाब आणि सुविचार पाठवतात. त्या गुलाबांमध्ये गट्टू. तिसऱ्या दिवशी लाल गट्टू. मग परत राखाडी. नसीमआपा रोज न चुकता त्याला अंगठा द्यायच्या. अध्यक्षांनी काही दिवस सोसलं, मग लिहिलं की ताई, कृपया ग्रुपवर विषयाला धरून पोस्ट टाकावी. आईने उत्तर दिलं: 'विषय तोच आहे.'

दादाचा फोन आला. तिले समजाव, म्हणाला, लोकं मले विचारून राहिले, दुकानात येऊन गट्टूचा भाव विचारतात आणि हसतात. मी म्हटलं, गट्टू काढ, फोटो बंद होतील. तो म्हणाला, काढले तर लोकं आणखी हसतील. हे मात्र खरं होतं. आपल्याकडे बसवलेलं काढायला बसवण्याहून जास्त हिंमत लागते, कारण काढण्याला पाहुणे येत नाहीत.

तरी एका रविवारी त्याने सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि लिंबू कापलं होतं तिथला, भिंतीलगतचा एक पट्टा उखडला. गट्टू वाळूवर नुसते बसवलेले असतात, निघतात. तेवढ्याने तो थांबला. पावसात चिखल होईल, बाकीचं राहू दे, म्हणाला. त्या पट्ट्यात आता चिवळ उगवली आहे. आईने ती लावली नाही, ती आपोआप आली. आईने फक्त तिची भाजी केली. लिंबू परत फुटलेलं नाही. शिंजीर आले नाहीत. आई अजून फोटो पाठवते ते उरलेल्या गट्टूंचेच.

पुण्यातल्या माझ्या सोसायटीने मागच्या महिन्यात फाटकाजवळचं एक मोठं झाड पाडलं. मी सेक्रेटरींना कडक मेल लिहिला, तीन जणांना सीसी केला आणि जेवायला बसले. व्यवस्थित जेवले. अकोल्याचं लिंबू गेलं त्या दिवशी मी ताट न शिवता उठले होते. घर कशाला म्हणायचं हे मला एवढंच समजलं आहे: जिथलं काही मोडलं तर मेल करून भागत नाही. तुम्ही जे गेलात, ते आईचे फोटो बघून बदाम पाठवता. तुम्ही जे राहिलात, ते फ्लेक्स लावता. घरटं दोघांनाही ओळखू येत नाही. मलाही आईने दाखवलं म्हणून आलं.

काल तिने फोन केला. मी विचारलं, काही आणू का पुण्याहून.

"काई आणू नको," ती म्हणाली. "चार दिवसाची सुट्टी काढून ये. सब्बल मले उचलत नाई, अन् संजूले लाज वाटते."