नवी करून टाकलेली गाडी

संस्थान विलीन झालं आणि आमच्या घरातल्या दोन नोकऱ्या एकदम अधांतरी झाल्या. राजेसाहेबांच्या बुऱ्हाणपूरच्या कोठीत दोन इटालियन मोटारी होत्या. एक माझे यजमान चालवायचे, दुसरी माझे धाकटे दीर. आम्ही सगळे कोठीमागच्याच खोल्यांत राहायचो. राजेसाहेबांना आता दोन्ही मोटारी काढून टाकायच्या होत्या. मुंबईचे एक शौकीन शेठ एकच घेणार होते आणि तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हरही नेणार होते. म्हणजे दोघा भावांतून एकाचीच सोय लागणार होती.

गाड्या एकाच कारखान्यातल्या, इंजिनं सारखी, स्वभाव मात्र निराळे. यांची गाडी बंद टपाची, लांबच्या प्रवासाची. आत बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलायचं नाही. दिरांची उघडी, पळायला तेज, पण गुरगुरणारी. तिचा क्लच असा हट्टी की दिरांखेरीज कुणाला दाद द्यायचा नाही. दीर मुळातच आळशी. त्यांच्या गाडीचा रंग विटलेला, सीटचं कातडं तडकलेलं.

यांनी मात्र शनवारा पेठेतून रंगारी आणला. घासूनपुसून गाडी लालभडक केली, जुनं कातडं उसवून नवं रेक्झिन चढवलं. मुलगी दाखवायची असल्यासारखी लगबग चालली होती. "माझ्याकडे एवढं कधी पाहिलं नाही," मी म्हटलं. हे हसले आणि पुन्हा गाडी पुसायला लागले.

शेठनी दोन्ही गाड्या देडतलाईच्या रस्त्यावर स्वतः चालवून पाहिल्या; दिरांची गाडी क्लचपायी दोनदा अडली. परत आल्यावर यांच्या गाडीवर हात ठेवून म्हणाले, "चालायला हीच सरस." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी मागचं दार उघडलं.

"हे सीट कधी केलं?"

"मागच्या महिन्यात, शेठ. एकदम नवी करून टाकली."

"तिथंच घोटाळा झाला. मला होती तशी हवी होती. नवी मोटार काय, कुठेही मिळते."

त्यांनी दिरांची गाडी घेतली. वर यांच्या गाडीचं इंजिन सुटा भाग म्हणून मागितलं.

दीर यांना म्हणाले, "दादा, तू जाय तिच्यासंगे. मी इकडे पाहून घेतो."

"तिचा क्लच तुलेच समजते," हे म्हणाले. "तूच जाय."

इंजिन उतरवायला दुसरं कुणी जाणतं नव्हतं. यांनीच आपल्या गाडीचे नट सोडवले, एकेक भाग पुसून पेटीत ठेवला. मला शेठचा इतका संताप आला होता की मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. उरलेला लाल सांगाडा भंगारात गेला.

कोठी सुटली. आम्ही जवळच्या जसोंडी गावी गेलो आणि हे एका बागायतदाराची केळीची बैलगाडी हाकू लागले. बैल आमच्याच दारात असायचे.

दिवाळीला दीर आले. जेवता जेवता म्हणाले, "दादा, तिचं इंजिन बसलं होतं. आता तुझंच टाकलं. अशी चालते, काय सांगू." भावाला आनंद होईल असंच त्यांना वाटलं असणार.

हे ताटावरून उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन बांधलेले बैल सोडून पुन्हा बांधत बसले.